तिकीट स्वस्त मिळतंय, म्हणून आत्ताच काढू का?

प्रश्न: मी महाविद्यालयात शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करते आहे. युरोपातल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत माझा शोधनिबंध स्वीकारला गेला आहे. परिषद चार दिवसांची आहे. माझं सादरीकरण पहिल्याच दिवशी सकाळी, पंधरा मिनिटांचं. अजून साडेतीन महिने हातात आहेत. याआधी मी कधीही परदेशी गेलेले नाही. एका सहकाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या विमान कंपन्यांची तिकिटं जोडून बराच स्वस्त प्रवास शोधून दिला आहे: आदल्या रात्री साडेअकराला पोचायचं, सादरीकरण करायचं आणि दुसऱ्या दिवशी परत फिरायचं. तिकीट रद्द केलं तर पैसे मिळणार नाहीत, पण भाव रोज चढतो आहे, म्हणून ते म्हणतात, ‘आजच काढून टाका, व्हिसाचं नंतर बघू.’ घरी नणंदेचं नेमकं उलट: ‘एवढ्या लांब जातेस तर आठवडाभर राहा, आणखी दोन-तीन देश बघून ये.’ महाविद्यालय खर्च देणार आहे, पण परत आल्यावर, बिलं लावून. कधी कधी वाटतं, पंधरा मिनिटांसाठी एवढा खर्च आणि एवढी दगदग कशाला? ऑनलाइन वाचून मोकळं व्हावं. काय करू?

उत्तर:

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारणं मागाहून, कारण भाव चढत असताना प्रस्तावना वाचण्याइतकी उसंत कुणाला नसते. हे तिकीट आज काढू नका. उद्याही नको. जायचं मात्र ठरवा.

तुमच्या पत्रातला सगळा हिशेब तिकिटापासून सुरू होतो. साहजिक आहे, तिकिटाचा आकडा डोळ्यांसमोर रोज बदलतो, म्हणून सगळी घाई तिथेच जाऊन साठते. पण अशा प्रवासात मी भावाच्या आधी दुसरीच गोष्ट बघते: पैसे भरल्यावर मागे फिरता येतं का? मोफत रद्द होणारं हॉटेल आज धरून ठेवलं तर काहीच बिघडत नाही. परत न होणारं तिकीट आज काढलं आणि व्हिसा नाकारला गेला, किंवा मिळाला पण परिषद उलटल्यावर, तर पैसेही गेले आणि संधीही. तेव्हा ज्यातून मागे फिरता येतं ती कामं आधी, आणि ज्यातून येत नाही ती व्हिसा हातात आल्यावर. पुढे जे सांगते आहे, त्याचा क्रम याच हिशेबाने लावलेला आहे.

व्हिसाकडे वळते, कारण ‘नंतर बघू’ म्हणण्यासारखी ती गोष्टच नाही. तुमची परिषद युरोपात आहे, म्हणून ती शेंगेन देशात असावी असं धरून चालते; शेंगेन म्हणजे युरोपातल्या ज्या देशांत मिळून एकच व्हिसा चालतो, तो गट. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. म्हणजे तुमच्यासाठी दार आत्ताच उघडं आहे. निर्णय साधारण पंधरा दिवसांत व्हावा असा नियम आहे, पण एखाद्या अर्जाची जास्त तपासणी करायची असेल तर ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकते. आणि या पंधरा दिवसांवर विसंबणारे लोक एक गोष्ट विसरतात: ते मोजायला सुरुवात होते अर्ज स्वीकारला गेल्यावर. त्याआधी अपॉइंटमेंट मिळावी लागते. खरी अडचण बहुधा तिथेच होते, विशेषतः उन्हाळ्याच्या आसपास. तुमचा पहिलाच अर्ज असल्याने बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागेल. ते एकदा दिले की पुढची जवळजवळ पाच वर्षं, नेमके एकोणसाठ महिने, पुन्हा वापरता येतात.

पासपोर्ट आज उघडून बघा. तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात निदान दोन पानं कोरी असावीत. यातलं एखादं जरी चुकत असेल तर आधी नवा पासपोर्ट, मग बाकी सगळं. प्रवास विमाही लागेल, किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा.

व्हिसा शुल्क प्रौढांसाठी 90 युरो आहे. पण फारसं कुणी सांगत नाही असं एक कलम युरोपीय व्हिसा संहितेत आहे: वैज्ञानिक परिसंवादाला किंवा परिषदेला जाणाऱ्या संशोधकांना हे शुल्क माफ आहे. ‘संशोधक’ कुणाला म्हणायचं याची त्यांची स्वतःची व्याख्या आहे, आणि पीएच.डी. चालू असलेली शिक्षिका तिच्यात बसते की नाही हे वकिलातीने सांगायचं. अर्ज करण्याआधी त्यांना ईमेल करा, परिषदेचं पत्र जोडा आणि उत्तर छापून बरोबर न्या. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र वेगळं भरावं लागू शकतं.

दुसऱ्या देशांत परिषद असलेल्या वाचकांसाठी दोन वाक्यं. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही; तिथला अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात. अमेरिकेसाठी मुलाखतीची तारीख हीच मोठी गोष्ट, आणि ती मिळायला किती वाट बघावी लागेल हे शहराशहरावर ठरतं, म्हणून स्वीकृतीचं पत्र आलं त्याच दिवशी तारखा बघायला लागावं.

आता कागदपत्रं. आयोजकांचं निमंत्रणपत्र बहुतेक ठिकाणी नोंदणी शुल्क भरल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे पैसे गुंतवण्याची पहिली वेळ तिकिटाची नसून नोंदणीची आहे. भरण्याआधी आयोजकांना दोन प्रश्न विचारा: व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळतं का, किती? आणि तसं झालं तर ऑनलाइन सादर करू देतील का, किंवा सहलेखकाने वाचलेलं चालेल का? काही परिषदा सादर न झालेला निबंध नंतर प्रकाशित संग्रहातून वगळतात, म्हणून याचं उत्तर तोंडी नको, ईमेलमध्ये हवं.

निमंत्रणपत्रावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. लिहिताना एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं, असं पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत असतं. निबंध माहेरच्या नावाने छापलेला, पासपोर्ट सासरच्या. तसं असेल तर पत्रात पासपोर्टवरचं नाव घालून ‘या नावाने लेखन करतात’ अशी एक ओळ टाकायला सांगा. आयोजकांना त्याचं काही वाटत नाही. व्हिसा अधिकाऱ्याला मात्र दोन नावं दिसली की शंका येते.

महाविद्यालयाकडून तुम्हाला मंजूर रजेचं पत्र, ना हरकत पत्र आणि खर्चाचा मंजुरी आदेश लागेल. आणि इथेच ‘पैसे परत आल्यावर’ या अटीचा व्हिसाशी संबंध येतो. महाविद्यालय नंतर देणार असेल, तर आज अधिकाऱ्याला दिसतं ते तुमचं स्वतःचं बँक खातं. मंजुरी आदेशात कोणता खर्च, कुठल्या मर्यादेपर्यंत आणि कुणी द्यायचा हे स्पष्ट लिहून घ्या आणि खात्यात सगळ्या प्रवासाला पुरेल एवढी रक्कम आधीपासून दिसू द्या. अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम येऊन पडलेली असेल तर ती कुठून आली हे सांगणारा कागद जोडा.

‘पण व्हिसाला तिकीट लागतं ना?’ हा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय. शेंगेनच्या अर्जाला परतीच्या प्रवासाचं आरक्षण चालतं. पैसे भरून पक्कं केलेलं तिकीटच हवं असं नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं तर व्हिसा मिळेपर्यंत तिकीट काढू नका असं स्वतःच सांगतं. काही विमान कंपन्या थोडे पैसे घेऊन भाव काही दिवस धरून ठेवतात. नाहीतर पैसे परत मिळणारं किंवा तारीख बदलता येणारं तिकीट घ्या. महाग असतं, पण दोन भावांतला फरक म्हणजे व्हिसा न मिळण्याच्या जोखमीची किंमत, आणि ती भरायची की नाही हे तुम्ही डोळे उघडे ठेवून ठरवू शकता. प्रवास विम्यातून ही भरपाई होईल असं गृहीत धरू नका, बऱ्याच पॉलिसींत व्हिसा नाकारणं धरलेलंच नसतं. आरक्षणाच्या नावाखाली बनावट कागद विकणाऱ्यांच्या वाटेला मात्र अजिबात जाऊ नका.

आता त्या स्वस्त प्रवासाकडे बघू. सहकाऱ्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण त्यांनी दोन स्वतंत्र तिकिटं जोडली आहेत, म्हणजे दोन्ही कंपन्यांच्या दृष्टीने तुम्ही दोन वेगवेगळ्या प्रवासी आहात. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी ‘प्रवासी आलाच नाही’ अशी नोंद करून मोकळी होते. पुष्कळदा त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही त्यामुळे रद्द होतो. एकाच आरक्षणात दोन विमानं असती, तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीची राहिली असती. शिवाय तिकिटं स्वतंत्र असली की मधल्या विमानतळावर बहुधा बॅग बाहेर येऊन घ्यावी लागते, पुन्हा चेक-इन करावं लागतं, म्हणजेच त्या देशात शिरावं लागतं. त्या देशाचा व्हिसा तुमच्याकडे नसेल, तर पहिल्याच विमानतळावर तुम्हाला विमानात चढू न देण्याची शक्यता आहे. अमेरिकेतून नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, कारण तिथे इमिग्रेशनमधून बाहेर पडूनच पुढे जाता येतं. शेंगेन देशही काही देशांच्या नागरिकांकडून विमानतळावरच्या थांब्यासाठी व्हिसा मागतात. तिकीट शोधताना दर स्वस्त मार्गाला हा एकच प्रश्न विचारा: मधे जिथे उतरायचं, तिथे मला काय लागेल?

एकाच आरक्षणातसुद्धा थांबा किती मिनिटांचा आहे ते बघायला हवं. शेंगेनमधल्या एका शहरात उतरून दुसऱ्या शहरात जाणार असाल, तर पासपोर्टची तपासणी पहिल्या शहरातच होते. पुढचं विमान जवळजवळ देशांतर्गत असल्यासारखं असतं. तिकिटावर ‘थांबा एक तास’ असं दिसतं तेव्हा त्या तासात ती रांगही धरलेली असते. पहिल्या परदेश प्रवासात मी कुणालाही अडीच-तीन तासांपेक्षा कमी थांबा घ्यायला सांगणार नाही. विमानतळावर बसून कंटाळा येईल, येऊ दे.

आदल्या रात्री साडेअकराला पोचणं ही सगळ्या बेतातली सर्वांत कच्ची कडी आहे. सगळं वेळेवर झालं तरी इमिग्रेशन, बॅग, शहरात जाणारी शेवटची गाडी आणि छोट्या हॉटेलांत रात्री बंद होणारं स्वागतकक्ष, एवढं पार करून अनोळखी शहरात पलंगावर पडायला एक-दीड वाजेल आणि सकाळी नऊला व्यासपीठावर उभं राहायचं. एक विमान तीन तास उशिरा आलं तर तेवढंही नाही. दोन रात्री आधी पोचा. फारच अडचण असेल तर निदान आदल्या दिवशी सकाळी. बऱ्याच परिषदांची नोंदणी आदल्या संध्याकाळीच उघडते आणि तेव्हाच छोटा स्वागत समारंभ असतो; बॅज तेव्हा घेतला की सकाळची रांग टळते, सभागृह बघून येता येतं आणि चार चेहरे ओळखीचे होतात. नवख्या माणसाला याचा केवढा आधार वाटतो!

झोपेचाही हिशेब करा. शरीराचं घड्याळ वेळेच्या फरकाशी दिवसाला साधारण तासभर या गतीने जुळवून घेतं, आणि पूर्वेकडे गेल्यावर ते जास्त जड जातं. पश्चिमेकडे गेलात तर पहाटे लवकर जाग येते आणि संध्याकाळी पापण्या मिटतात. पूर्वेकडे गेलात तर सकाळी उठवत नाही. म्हणून जिथे वेळ मागायची सोय असते, तिथे पश्चिमेला जाणाऱ्यांनी सकाळचं सत्र मागावं आणि पूर्वेला जाणाऱ्यांनी दुपारचं. कार्यक्रमपत्रिका पक्की व्हायच्या आधी आयोजकांना असं नम्रपणे लिहिता येतं, पुष्कळांना हे सुचतच नाही.

आता ज्या वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ थांबले, ते: ‘पंधरा मिनिटांसाठी एवढा खर्च.’ हिशेब तसाच मांडायचा असेल तर तुमचं बरोबर आहे. पंधरा मिनिटं बोलायला कुणी एवढ्या लांब जाऊ नये. निबंध तर छापून येणारच आहे, ज्याला हवा तो वाचेल. पण तुम्ही जाता आहात ते आपल्या विषयात काम करणारे लोक चार दिवस एका इमारतीत भेटतात म्हणून. आणि तुमचं सादरीकरण पहिल्याच सकाळी आहे हे तुम्ही संकट म्हणून सांगितलंय, मला तर ते फायद्याचं वाटतं. पहिल्या दिवशी बोललेल्या माणसाकडे उरलेले दिवस लोक आपण होऊन येतात: ‘तुम्ही काल ते नमुन्यांबद्दल बोलला होतात ना?’ शेवटच्या दिवशी बोलणाऱ्याला हे मिळत नाही. तोवर अर्धं सभागृह बॅगा घेऊन विमानतळाकडे निघालेलं असतं. दुसऱ्या दिवशी परत फिरलात तर खर्च पूर्ण करून फळ तिथेच सोडून आलात असं होईल.

त्यासाठी जाण्याच्या तीनेक आठवडे आधी एक काम करा. तुमच्या निबंधात ज्यांचं काम उद्धृत केलंय त्यांच्यापैकी कोण येणार आहे ते कार्यक्रमपत्रिकेत शोधा आणि दोघा-तिघांना चार ओळींचा ईमेल लिहा: मी अमुक विषयावर बोलणार आहे, तुमच्या तमुक निबंधावर माझा एक प्रश्न आहे, चहाच्या सुट्टीत दहा मिनिटं भेटता येईल का? कुणी उत्तर दिलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. समोर गेल्यावर ‘मी तुम्हाला ईमेल केला होता’ हे वाक्य बोलायला मिळतं, आणि बुजऱ्या माणसाला पहिलं वाक्य मिळालं की पुढचं सोपं जातं.

ऑनलाइन वाचणं कमीपणाचं आहे असं मात्र मी म्हणत नाही. व्हिसा आला नाही, घरी कुणी आजारी आहे, किंवा एवढे पैसे सहा-आठ महिने अडकवून ठेवणं झेपत नाही, तर ऑनलाइन वाचा आणि त्याचा अपराधीपणा बाळगू नका. फक्त दगदगीला घाबरून ते निवडू नका, कारण ती दगदग नीट आखली तर बरीच कमी होते.

पैशांबद्दल. ‘बिलं लावून मिळतील’ हे आश्वासन आहे, नियम नव्हे. नियम लेखा विभागात बसलेल्या माणसाला माहीत असतो. प्राचार्यांशी बोलून झालं असलं तरी त्याच्यासमोर जाऊन बसा. काय काय विचारायचं? तिकीट अमुकच एजंटाकडून किंवा कंपनीकडूनच काढायची सक्ती आहे का. आधी काही रक्कम उचल म्हणून मिळते का. परकीय चलनाचा दर कुठल्या दिवसाचा धरणार. व्हिसा शुल्क, विमा आणि शहरातला प्रवास यांचे पैसे मिळतात का, आणि जेवणाला बिलं लागतात की ठरलेला दैनिक भत्ता असतो. चुकीच्या ठिकाणाहून काढलेलं स्वस्त तिकीट लेखा विभागाने नामंजूर केलं तर सगळीच बचत वाया. आयोजकांकडेही प्रवास अनुदान असतं, विद्यार्थी आणि नवोदित संशोधकांसाठी, आणि त्याची मुदत बहुधा नोंदणीच्या आधीच संपते. तुम्ही नोकरी करत असलात तरी पीएच.डी.च्या विद्यार्थिनी आहात. विद्यार्थी दराने नोंदणी होते का तेही विचारा.

बिलांची एक खोड आहे. गुळगुळीत कागदावरची पावती काही महिन्यांत कोरी होते, म्हणून हातात पडली की फोटो काढा. मोबाइलवरचा बोर्डिंग पास विमान उतरल्यावर ॲपमधून गायब होऊ शकतो. आधीच स्क्रीनशॉट घ्या किंवा काउंटरवरून कागदी पास मागा. हजेरीचं प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी निघण्याआधी मागून घ्या, नंतर ईमेलवर ते मिळवणं जिकिरीचं होतं.

कार्डावरची मर्यादा बघून ठेवा. काही हॉटेलं पोचल्यावर अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडवून ठेवतात आणि ती सुटायला काही दिवस लागतात. कार्डयंत्राने ‘तुमच्या चलनात पैसे कापू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा, तिथल्या स्थानिक चलनातच द्या. तसं विचारून जो दर लावतात तो बहुधा वाईट असतो. दोन कार्डं, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेली, आणि थोडी रोख.

राहण्यासाठी परिषदेच्या ठिकाणापासून चालत जाता येईल अशी जागा घ्या, थोडी महाग पडली तरी. दुपारी अर्धा तास खोलीवर जाऊन पडता येणं आणि रात्रीच्या जेवणानंतर परतताना गाडीची चिंता नसणं, हे एकट्या नवख्या प्रवाशाला फार मोलाचं आहे. युरोपात सुट्टीच्या दिवसांत बरीच विद्यापीठं वसतिगृहातल्या खोल्या भाड्याने देतात, आयोजकांना विचारून बघा. व्हिसासाठी दाखवलेलं आरक्षण अर्ज दिल्याबरोबर रद्द करू नका. सीमेवरही ते मागू शकतात.

एक सावधगिरी. कार्यक्रमपत्रिकेत वक्त्यांची नावं जाहीर झाली की ‘आम्ही परिषदेचे अधिकृत निवास व्यवस्थापक’ म्हणून ईमेल आणि फोन येऊ लागतात. तुमचं नाव, परिषदेचं नाव, तारखा, सगळं बरोबर असतं, कारण ते सगळं जाहीरच असतं. कार्डाचा नंबर द्यायच्या आधी परिषदेच्या मूळ संकेतस्थळावर तेच नाव आहे का ते बघा. आणि ज्यांना स्वतःच्या परिषदेबद्दलच ती खरी की बनावट असा प्रश्न पडला आहे त्यांनी एवढं तपासावं: निबंध दोन दिवसांत, एकही शेरा न येता स्वीकारला गेला का, एकाच परिषदेत वैद्यकापासून व्यवस्थापनापर्यंत सगळे विषय आहेत का, समितीत नाव असलेली माणसं स्वतःच्या पानावर या परिषदेचा उल्लेख करतात का. उत्तरं गडबडीची असतील तर व्हिसापर्यंत जायचं कारणच उरत नाही.

सामानाबद्दल थोडक्यात, कारण याद्या सगळीकडे मिळतात. सादरीकरणाची फाइल, एक जोडी चांगले कपडे, औषधं आणि चार्जर केबिन बॅगेत. चेक-इन बॅग मागे राहिली तरी दुसऱ्या दिवशी बोलता आलं पाहिजे. ती आलीच नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, आणि अडलेल्या गरजांची खरेदी केलीत तर पावत्या ठेवा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातली भरपाई ठरवणाऱ्या माँट्रियल करारानुसार सामान उशिरा मिळाल्याचा लेखी दावा ते हातात आल्यापासून एकवीस दिवसांत करायचा असतो, नुकसानीचा सात दिवसांत. पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी लागते, 100 वॉट-अवरपर्यंत. वीस हजार मिलीअँपिअर-अवरची नेहमीची पॉवर बँक साधारण 74 वॉट-अवर भरते, म्हणजे चालते. सादरीकरण पीडीएफमध्येही ठेवा, कारण परक्या संगणकावर देवनागरी आणि गणिती चिन्हं फार लवकर बिघडतात. पोस्टर नेणाऱ्यांनी फलक उभा आहे की आडवा हे विचारून मगच छापावं; ए-शून्य म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटर, आणि आडव्या फलकावर उभं पोस्टर लटकत राहिलेलं फार केविलवाणं दिसतं. कापडावर छापलं तर घडी करून बॅगेत मावतं.

नणंदेचं काय? त्यांचं म्हणणं मला आवडलं, फक्त दोन-तीन देश नकोत. परिषद संपल्यावर दोन दिवस, त्याच शहरात किंवा रेल्वेने जवळच्या एखाद्या गावात. परिषदेच्या आधी फिरू नका, सादरीकरण डोक्यात असताना कुठलंच शहर दिसत नाही. देश वाढवले की व्हिसाचं गणितही बदलतं: ज्या देशात मुख्य काम किंवा सर्वांत जास्त मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. पाच दिवस परिषदेच्या देशात आणि सात दिवस दुसरीकडे, असा बेत दाखवलात तर कुणाकडे अर्ज करायचा इथूनच वाद सुरू होतो. लंडनला दोन दिवस जाऊन परत येऊ म्हणाल तर तो वेगळा व्हिसा, आणि शेंगेनचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत शिरता येणार नाही. शिवाय वाढीव दिवसांची रजा वेगळी मंजूर करून घ्यावी लागेल, आणि त्या दिवसांचा खर्च महाविद्यालयाच्या बिलांत मिसळू द्यायचा नाही. परतीच्या तारखेमुळे तिकीट महागलं तर फरक कुणाचा, हेही लेखा विभागाला आधीच विचारून ठेवा. गंमत अशी की पुष्कळदा दोन दिवस उशिराचं तिकीट स्वस्तच निघतं. तसं दिसलं तर दोन्ही भावांचा त्याच दिवशी काढलेला स्क्रीनशॉट बिलाला जोडायला उपयोगी पडतो.

या आठवड्यात तुम्ही एवढंच करा: पासपोर्टची तारीख बघा, व्हिसा केंद्राच्या अपॉइंटमेंटच्या तारखा उघडून बघा, आयोजकांना ते दोन प्रश्न पाठवा आणि रजेचा व खर्चाचा अर्ज महाविद्यालयात द्या. आयोजकांचं उत्तर आलं की नोंदणी, मग निमंत्रणपत्र, हॉटेलचं आरक्षण, विमा, अर्ज. सगळं नीट झालं तर दीड-दोन महिन्यांत व्हिसा हातात असेल आणि तेव्हाही परिषदेला दीड-दोन महिने उरलेले असतील. तिकीट तेव्हा काढा, एकाच आरक्षणात, दोन रात्री आधी पोचणारं. आजच्यापेक्षा थोडं महाग पडेलही. त्या सहकाऱ्यांना मात्र आजच कळवा की हे तिकीट घेत नाही, नाहीतर ते चांगुलपणाने तुमच्या नावावर काढून बसतील.